फिलूमावशीचं भुसा खेचायचं मशीन

आख्ख्या मीरा-भाईंदरमधे घरच्या वर्कशॉपला भुसा खेचायचं मशीन बसवणारा पहिला माणूस मी, हे मी छाती ठोकून सांगतो. त्या मशीनमधे माझं असं एकच आहे, चालू-बंद करायचं बटण, आणि तेही मी उलटं लावलंय.

दुसरं वाक्य तुझं आहे, मावशी. मी पहिलं बोलायचो आणि तू मागून दुसरं टाकायचीस. आता दोन्ही मलाच बोलावी लागतात, आणि तुझ्यासारखं टायमिंग मला जमत नाय.

मी बोलतोय आणि आमची शैला लिहून घेतेय. मला लिहिता येतं, पण मी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मलाच वाचता येत नाय. शाळेत तिसरीपर्यंत गेलो असं मी सांगतो. खरं म्हणजे तिसरीच्या दारापर्यंत गेलो. आत मास्तर उभे होते. मधेमधे शैला लिहायची थांबते आणि माझ्याकडे बघते. तिथे मी थाप मारली असं समज.

तू गेलीस त्याला अजून आठवडाही झाला नाय. खिडकीसमोरची तुझी बोंबील वाळवायची वलांडी रिकामी आहे. नुसते बांबू आणि दोऱ्या. इतकी वर्षं त्या दोऱ्यांवर बोंबील बघायची सवय, आता तिथून सरळ समुद्र दिसतो. लोक म्हणतील काय भारी व्ह्यू आहे. मला नकोय तो.

नव्वद साल उजाडायचं होतं तेव्हा आम्ही नवराबायको, शैला आणि मी, इकडे आलो. परळच्या खोलीत भावाचा संसार वाढला होता, माझा लेथ खाटेखाली झोपायचा आणि मी लेथच्या शेजारी. सगळ्यांना सांगून निघालो, भाईंदरला जागा घेतो. नातेवाइकांना वाटलं, मेहुण्यासारखा हा पण जेसल पार्कात ब्लॉक घेणार. मी भाईंदरला उतरलो, भाडी ऐकली, आणि बसमधे बसून पुढे पुढे जात राहिलो. जिथे रस्ता संपून समुद्र लागला तिथे उतरलो. चौकला, कोळ्यांच्या गावात. तू दारात बसून जाळं सांधत होतीस.

"मावशी, खोली मिळेल का भाड्यानं?"

तू वर पण नाय बघितलंस. "काय करतंस?"

"सुतार आहे. लेथवर पोळपाट, लाटणी, खेळणी करतो."

"दारू?"

"ती नाय करत."

"पितंस का इचारलं."

"सणाला."

"मंग ठीक हाय. सन आमच्यात बी लय हायत."

अशी मला जागा मिळाली. पुढची खोली राहायला, मागची जाळ्यांची खोली वर्कशॉपला. तुझ्या नवऱ्याची जाळी तू स्वतः उचलून माळ्यावर टाकलीस. तो जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण जाळी हलवायची तू कोणाला परवानगी दिली नव्हतीस म्हणे. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाय. मी खिडकी उघडली आणि म्हटलं, वा, काय हवा आहे! हवा होतीच. ती खिडकीतून आत यायची आणि माझा भुसा घेऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर जायची. बाहेर वलांडी होती.

मला बोंबलातलं एवढंच कळायचं की तो कुरकुरीत असला की चांगला. तो ओला असताना किती चिकट असतो हे मला ठाऊक नव्हतं. पाऊस गेला, होड्या भरून यायला लागल्या, आणि वाडीतल्या बाया बोंबील टांगायला लागल्या. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची. आत मी लाटणं घासत बसलेलो. लाकडाचा जाडा भुसा खाली पडतो, त्याचं काय नाय. पण पॉलिश पेपर लावला की जो पिठासारखा उडतो तो हवेवर बसून फिरायला निघतो, आणि जिथे ओलं दिसेल तिथे मुक्काम करतो.

एक दिवस तू बोंबलाची जोडी हातात धरून आलीस आणि माझ्या नाकासमोर नाचवलीस.

"भुश्या," तू म्हणालीस. त्या दिवसापासून माझं नाव भुश्या. आईबापानं ठेवलेलं नाव आता फक्त रेशनकार्डावर आहे. "यांना पावडर कुनी लावली? लग्नाला न्यायचेत?"

मी म्हटलं, "मावशी, सागवान आहे. वाळवी लागणार नाय."

तू हसली नाहीस. व्यापाऱ्यानं बोट फिरवून बघितलं होतं आणि तुझा माल बाजूला काढला होता. भुसा एकदा बोंबलावर वाळला की तो बोंबलाचाच होतो, धुऊन निघत नाय. मला वाटलं, बिचारीचं नशीबच खराब, एवढ्या वलांडी आहेत आणि भुसा नेमका हिच्याच दोरीवर बसतो.

मग मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की शैला घाबरते. मी एक्झॉस्ट फॅन आणला. हॉटेलच्या भटारखान्यात असतो तसा, मोठा. विचार असा केला, की भुसा खोलीत फिरतो म्हणून त्रास आहे, तर त्याला बाहेरच काढू. खिडकीत फॅन बसवला, चालू केला, खोली एकदम आरशासारखी साफ. मी दारात उभा राहून शैलाला म्हटलं, बघ. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाहेर बघत होती. फॅनचं तोंड वलांडीकडे होतं. आधी भुसा चालत जायचा आणि पहिल्या दोरीवर दमून बसायचा. मी त्याला रिक्षा करून दिली होती. वाडीतल्या शेवटच्या दोरीपर्यंत सगळे बोंबील एका दुपारी म्हातारे झाले.

संध्याकाळी आख्खी वाडी अंगणात. सुलीमावशी सगळ्यांत पुढे, कमरेला पदर खोचून. "आमच्या पोटावर भुसा टाकतोय हा! याला काढ, फिलू. आजच काढ." त्यांचं चुकलं नव्हतं काय. माझ्या लाटण्यावर माझं पोट, तसं त्यांचं बोंबलावर. पण शैला तेव्हा पोटुशी होती, सातवा लागला होता. परळचं दार बंद, जेसल पार्कचं दार परवडणारं नाय, आणि पुढे समुद्र.

तू ओटीवर उभी राहिलीस आणि हात वर केलास. "पुढच्या अवसेच्या उधानापरयंत याला येल. भुसा थांबला तर हा ऱ्हाईल. न्हाय थांबला तर मीच याचं सामान टेम्पोन भरीन." मग माझ्याकडे वळलीस. "आनि आता तू डोकं चालवायचं न्हाय."

असं मशीन निवडायचं काम सुरू झालं. आजकाल लोकांकडे मशीनची पुस्तकं असतात, फोटोवाली. आमच्याकडे बोंबील होता. ती परीक्षा तुझी. ओल्या बोंबलाची ताजी जोडी आणायची, लेथच्या वर खिळ्याला टांगायची, मशीन लावायचं आणि मी लाटणं घासायचं. बोंबील साफ राहिला तर मशीन पास.

पहिला आला टायवाला. जेसल पार्कात मेहुण्याकडे घर साफ करायचं मशीन होतं, नळीवालं, सोफ्याखालची धूळ खेचणारं. ते विकणारा माणूस तसंच मशीन घेऊन बसनं चौकला आला, घामानं टाय गळ्याला चिकटलेला.

"आंटी, ये मशीन कुछ भी खींच लेगा. मिट्टी, बाल, बिस्किट."

"भुसा?"

"भुसा तो कुछ भी नहीं, आंटी."

तू जोडी टांगलीस. मी लेथ सुरू केला. पहिल्यांदा मशीन शीळ घालत होतं. मग त्याच्या घशात काटा अडकल्यासारखा आवाज यायला लागला. मग मागची पिशवी फाटली. आम्ही तिघं पांढरे झालो, टायवाला सगळ्यांत जास्त, आणि त्याच्यापेक्षा फक्त बोंबील. तो शिंकत शिंकत विचारतो, "आंटी, ये मछली क्यों टांगी है?"

तू म्हणालीस, "तुजा रिझल्ट हाय."

पण तू त्याला उपाशी नाय पाठवलंस. तांदळाची भाकरी आणि कालवण वाढलंस, वर सुक्या बोंबलांचं पुडकं दिलंस, बिनपावडरच्या. तो जाताना म्हणाला, सोफ्यासाठी मशीन चांगलं आहे. खरंच होतं ते. आमच्याकडे सोफा नव्हता ही आमची चूक.

उधाण जवळ येत चाललं. मग कोणीतरी सांगितलं, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथे पॉलिश करताना काळी धूळ उडते, ती खेचायला ब्लोअर असतात, जुने झाले की भंगारात मिळतात. मी म्हटलं, जाऊन येतो. तू म्हणालीस, "एकटा? फॅन आनलास तसा?" आणि लुगडं नीट करून रिक्षात माझ्या आधी बसलीस.

भंगारवाल्याकडे मला एक ब्लोअर दिसला, मावशी, अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चार माणसांनी उचलायचा. मी म्हटलं, हाच. भंगारवाल्यानं तो चालू केला. माझ्या डोक्यावरची टोपी गेली. कुठून गेली कळलं नाय, पण दुसऱ्या बाजूनं काळी होऊन बाहेर आली. दुकानातली सगळी माणसं पोट धरून हसली. मी खूश. "बघ मावशी, काय ताकद!"

"टोपी खेचायची हाय का भुसा?"

तू कोपऱ्यातल्या एका बारक्या ब्लोअरपाशी बसलीस. जमिनीवरची धूळ तळहातावर घेतलीस आणि हात त्याच्या तोंडासमोर धरलास. लांब धरलास, काय नाय. जवळ आणलास, हात साफ. पुन्हा धूळ घेतलीस, पुन्हा लांब, पुन्हा जवळ. भंगारवाला कंटाळला. मग तू उठलीस आणि म्हणालीस, "हा."

"मावशी, फार लहान आहे हा."

"तुजं तोंड मोठं हाय ना, तेवढं पुरे."

परत येताना रिक्षात तो ब्लोअर तुझ्या मांडीवर होता, आणि तू मला समजावत होतीस. डोल जाळं कसं लावतात. तोंड रुंद, मागे निमुळतं होत जाणारं, शेवटी पिशवी. "समिंदराचं सगलं पानी कोन गालतंय का, भुश्या? मासा जिथून जातो तिथं डोलीचं तोंड लावायचं. मग लहान डोल बी भरते. तुजा भुसा कुठून उडतो? त्याच्या तोंडाशी जाऊन बस की. खोली कशाला साफ करतंस?"

मला आजपण वाटतं मोठा ब्लोअर घ्यायला पाहिजे होता. हे भांडण आपलं संपलेलं नाय, लक्षात ठेव. पण ते तोंड मी तुझ्या सांगण्यानुसार केलं. पत्र्याचं, लेथच्या पाठीशी, रुंद सुरू होऊन निमुळतं, पाइपात जाणारं. अगदी आडव्या डोलीसारखं. पुढे तू म्हणालीस, मागे डोलीसारखी पिशवी लाव. तर मी माळ्यावर चढलो, तुझ्या नवऱ्याच्या जाळ्याचा शेवटचा भाग काढला आणि तोच बांधला.

मशीन चालू केलं. भुसा तोंडातून बरोबर आत गेला, पाइपातून गेला, आणि जाळ्यातून बाहेर आला. तू दारात उभी. खोलीत शैला मला दिसत नव्हती, नुसती शिंकताना ऐकू येत होती.

"तूच म्हणालीस डोलीसारखी," मी म्हटलं.

"बोंबील केवढा, भुसा केवढा? डोले हायत का बटनं लावलीत?"

मला वाटलं, नवऱ्याचं जाळं भुशानं भरलं म्हणून आता माझं काय खरं नाय. पण तू ते सोडवलंस, झटकलंस, नीट घडी केलीस. आणि मग बसून दुहेरी मांजरपाटाची लांबलचक पिशवी शिवलीस. तोंडाला जाळ्याची गाठ मारलीस, जाळं सांधायच्या सुईनं. मशीन लागलं की ती पिशवी फुगून माणसाएवढी उभी राहायची, आणि बंद केलं की दमून खाली लोंबायची.

राहिलं होतं बटण. ते मी लावलं. घाईत, अवसेच्या आदल्या दिवशी. सगळ्या जगात बटण खाली केलं की चालू होतं, माझं वर केलं की होतं. तू बघितलंस. "हे सरल कर." मी म्हटलं, उद्या करतो.

परीक्षेला वाडीतल्या बाया खिडकीबाहेर जमल्या होत्या. आधीच्या निकालाची त्यांना कल्पना होती, म्हणून नाकाला पदर. शैला पुढच्या खोलीत बसली होती, भांडी एका पेटीत भरून तयार. तू जोडी टांगलीस. मी बटण वर केलं, पिशवी उभी राहिली, आणि मी आख्खं लाटणं घासून काढलं. डोळे सगळा वेळ बोंबलावर होते, त्यामुळे ते लाटणं थोडं वाकडं झालं. ते अजून आमच्याकडे आहे. शैलाच्या पोळ्या त्यामुळेच वाकड्या होतात. इथे ती लिहायची थांबली आहे.

तू जोडी काढलीस, उन्हात नेलीस. बोट फिरवलंस. बायांना दाखवलंस. सुलीमावशी म्हणाली, "डोल्यानं काय कलतंय?" तर तू बोंबलाला जीभ लावलीस.

"मीठ हाय," तू म्हणालीस. "लाकूड न्हाय."

तीच जोडी तू निखाऱ्यावर भाजलीस आणि पहिला घास शैलाला भरवलास. मला मिळालं शेपूट. पण मावशी, देवाशप्पथ, असं शेपूट मी परत खाल्लं नाय.

दर वर्षी हंगाम लागला की तू जोडी घेऊन यायचीस. दर वर्षी पास. ज्या बाया मला काढायला आल्या होत्या त्याच पिशवीतला भुसा न्यायला यायला लागल्या, संध्याकाळी मच्छरांसाठी धुरी करायला. बाजूच्या राई गावचा सुतार मशीन बघून गेला. जेसल पार्कातून मेहुण्याच्या बिल्डिंगमधले एक साहेब आले, त्यांनी गॅलरीत सुतारकाम सुरू केलं होतं हौसेनं. मी त्यांना छाती फुगवून सांगत होतो की मी असं केलं, मी तसं केलं. मागून तू म्हणालीस, "बटन त्यानं लावलं. ते बी उलटं." मग साहेबांना विचारलंस, भुसा कुठून उडतो, आणि शेजाऱ्याचं काय वाळत असतं?

साहेब म्हणाले, "आमचे शेजारी मासे नाही वाळवत, मावशी."

"मग काय वालवतात?"

"कपडे."

"तेच."

साहेबांनी गॅलरीत तसंच पत्र्याचं तोंड केलं, तशीच पिशवी शिवून घेतली. त्या बिल्डिंगमधे त्याला काय म्हणतात माहीत आहे? डोल. मुद्दाम सांगतो, तुला माहीत नव्हतं. मेहुण्यानं परवा सांगितलं. तू ऐकायला पाहिजे होतंस.

मागच्या वर्षी मी दुसरा लेथ घेतला आणि पुन्हा मोठ्या ब्लोअरचा विषय काढला. तू खाटेवर होतीस, आवाज बारीक झालेला. म्हणालीस, "आधी बटन सरल कर. मंग मोठा आन." मी म्हटलं, उद्या.

तुला पुरून आलो त्या दिवशी अंगणात सगळे बसले होते. मला रडायला जमत नाय, म्हणून मी जोक करत होतो. म्हटलं, "मावशीचं नशीबच भुशाचं. पहिल्या वर्षी एवढ्या वलांडी, आणि माझा भुसा नेमका तिच्याच दोरीवर."

तुझी मोनी कपात कॉफी ओतत होती. तुझी पोरगी, तुझ्यासारखंच बोलते. म्हणाली, "नशीब? तुज्या खिडकीसमोरची वलांडी आमची नव्हतीच. ती सुलीमावशीची. आमची तिकडं, विहिरीकडं. तुजा भुसा दिसला तशी आयनं दुसऱ्याच दिवशी बदलून घेतली. म्हनाली, तिच्या दोरीवर पडला तर ती याला काढील. माज्या दोरीवर पडला तर मी काढनार न्हाय."

सुलीमावशीनं मान हलवली. सगळ्या वाडीला माहीत होतं. फक्त मला नाय. आणि त्याच वलांडीवर तू शेवटपर्यंत टांगत राहिलीस, आणि मी रोज तुला खिडकीतून ओरडायचो, "मावशी, जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

उजेड तू अडवत नव्हतीस. पण हे तुला आता कसं सांगू.

परवा मोनी आली. कबरीवर दगड बसायला वेळ लागणार, तोवर लाकडाचा क्रूस पाहिजे. म्हणाली, तू करशील ना? मी ठेवणीतलं सागवान काढलं. सकाळी वर्कशॉपमधे गेलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हात बटणावर गेला, पॉलिश पेपर घेतला आणि लाकूड मांडीवर धरून हातानंच घासत बसलो. कडा गोल केल्या, कारण तुला टोकदार काय आवडायचं नाय. मग तुझ्याशी भांडत बसलो. दोऱ्या बदलल्यास तर सांगायचं नाय का? सगळ्या वाडीत मी एकटाच मूर्ख राहिलो ना? मग डोल म्हणतात ते सांगितलं. मग मोठ्या ब्लोअरचं पुन्हा काढलं. तू गप्प होतीस म्हणून पहिल्यांदाच मी जिंकलो.

मधे कधीतरी मोनी येऊन ओली जोडी खिळ्याला टांगून गेली होती. आईची रीत.

क्रूस झाला. असा गुळगुळीत झालाय मावशी, की माशी बसली तर घसरेल. मी जोडी काढली, उन्हात नेली, बोट फिरवलं, जीभ लावली. आणि अंगणातून ओरडलो, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा. "मोने! मीठ आहे, लाकूड नाय! इतकी वर्षं झाली, एक कण नाय बघ! याला म्हणतात मशीन! मावशीची पिशवी आणि माझं बटण!"

मोनी आली. बोंबलाकडे बघितलं नाय तिनं. दारातून आत बघितलं. पिशवी खाली लोंबत होती.

"मशीन लावलंच न्हायस तू," ती म्हणाली. "बटन खाली हाय. सगला भुसा तुज्या मांडीवर हाय, भुश्या."